शाळेनंतरचे विज्ञान आणि मुलांची भाषा : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात काही विचार

शाळा सुटल्यानंतरच्या वेळात मुलांसाठी चालविल्या जाणाऱ्या विज्ञान-तंत्रज्ञान उपक्रमांचा दर्जा कसा सुधारावा, हा प्रश्न सामान्यतः शिक्षणशास्त्राचा किंवा विज्ञानाच्या अध्यापकांचा मानला जातो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे, हे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु अशा उपक्रमात प्रत्यक्ष जे घडते त्याचा मोठा भाग बोलण्याचा असतो. कोणी प्रश्न विचारतो, कोणी वर्णन करतो, कोणी अंदाज बांधतो, कोणी तो खोडून काढतो. यंत्र वा उपकरण या बोलण्याचे निमित्त असते. म्हणून उपक्रमाचा दर्जा ठरविताना तेथे कोण बोलते, कशाविषयी बोलते व कोणत्या भाषेत बोलते, हे पाहणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांपुरता या मुद्द्याचा विचार करावयाचा आहे.

१. शाळेनंतरच्या तासांवर कोणाचा हक्क?

या दोन जिल्ह्यांत शाळेनंतरचा वेळ मोकळा आहे, असे समजून चालणार नाही. लातूर हे नाव महाराष्ट्रात ‘लातूर पॅटर्न’ या शब्दप्रयोगाशी कायमचे जोडले गेले आहे. नेमके नियोजन, वारंवार घेतलेल्या चाचण्या आणि प्रश्नपत्रिकांचा अविरत सराव हे त्या पद्धतीचे मुख्य विशेष होत. पुढे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांनी लातूरप्रमाणे नांदेडलाही एक मोठे केंद्र बनविले आणि दूरदूरच्या गावांतून मुले येथे खोल्या घेऊन राहू लागली. ज्या कुटुंबांत यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, अशा कित्येक कुटुंबांतील मुले या पद्धतीमुळे डॉक्टर व अभियंते झाली. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

दुसऱ्या बाजूला शासकीय योजना आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल नवप्रवर्तन अभियानातून देशभर दहा हजारांहून अधिक शाळांत ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभ्या राहिल्या. निवडलेल्या शाळेस उभारणीसाठी १० लाख व पाच वर्षांच्या खर्चासाठी १० लाख, असे एकूण २० लाख रुपयांचे अनुदान या योजनेत ठेवलेले होते. १९९३ पासून भरत आलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षे वयाची मुले आपल्या परिसरातील प्रश्नावर गटाने प्रकल्प करतात. ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत नव्या कल्पनेसाठी विद्यार्थ्यास १० हजार रुपये मिळतात. तात्पर्य, साधने, पैसा व प्रदर्शने यांची अगदीच वाण आहे असे नव्हे.

मग उणीव कशाची? शिकवणीत मुलाने तयार प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे असते. प्रदर्शनात त्याने तयार उपकरणाची माहिती सांगावयाची असते आणि पुष्कळदा ती माहिती पाठ करून घेतलेली असते. या दोन्ही ठिकाणी मुलाचा स्वतःचा प्रश्न उद्भवण्यास अवकाश नसतो. शाळेनंतरच्या उपक्रमास स्वतंत्र प्रयोजन असेल तर ते येथेच आहे. मुलाला आपला प्रश्न आपल्या शब्दांत मांडता यावा आणि तो तपासून पाहता यावा, यासाठी हे तास खर्ची पडले पाहिजेत. तसे होत नसेल, तर असा उपक्रम फार तर बिनपैशाची शिकवणी ठरेल.

२. ज्ञानभाषेचा एक जुना अनुभव

मराठवाड्याला ज्ञानभाषेचा प्रश्न नवा नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यम स्वीकारले आणि त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभागामार्फत विज्ञान, वैद्यक व अभियांत्रिकीचे ग्रंथ उर्दूत आणले. आधुनिक विज्ञान एका भारतीय भाषेत उच्च स्तरापर्यंत शिकविता येते, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. परंतु मराठवाड्यातील बहुसंख्य मुलांच्या घरची भाषा उर्दू नव्हती. म्हणजे इंग्रजीची भिंत हटली, तरी घर आणि विद्यालय यांमधील अंतर तसेच राहिले. माध्यम भारतीय असणे आणि ते विद्यार्थ्याचे असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा त्या अनुभवाचा बोध होय.

आज परिस्थितीचे स्वरूप बदलले आहे, प्रश्न मात्र त्याच जातीचा आहे. मराठी शाळांतून ‘सेमी इंग्रजी’ पद्धतीने गणित व विज्ञान इंग्रजीत शिकविण्याचा प्रघात वाढला आहे, आणि अकरावीच्या विज्ञान शाखेत तर सर्व शिक्षण इंग्रजीतूनच होते. शिवाय मराठी म्हणजे तरी कोणती मराठी? देगलूर, धर्माबादकडे घरात तेलुगू बोलली जाते. उदगीर, देवणीच्या सीमाभागात कन्नड कानावर पडते. किनवट व माहूरच्या डोंगराळ भागात गोंडी व कोलामी आहे. तांड्यावरची मुले गोरबोली बोलतात. नांदेड व उदगीर शहरांतील अनेक मुले दखनी उर्दू बोलतात. ज्यांची घरची भाषा मराठीच आहे ती मुलेही ‘पाणी तापत आहे’ असे न म्हणता ‘पाणी तापायलंय’ असे म्हणतात. एका संध्याकाळच्या विज्ञान मंडळात हे सर्व प्रकार एकत्र बसतात, याची जाणीव उपक्रमाच्या आखणीत क्वचितच दिसते.

३. नित्याचा शब्द आणि शास्त्राचा शब्द

महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले आणि पुढे निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले. परिभाषा संस्कृतप्रचुर असल्यामुळे ती अवघड होते, अशी तक्रार तेव्हापासून ऐकू येते. माझ्या मते अडचणीचे मूळ शब्दाच्या क्लिष्टतेपेक्षा निराळ्या ठिकाणी आहे. नित्याची भाषा आणि शास्त्राची भाषा जगाची विभागणी वेगवेगळ्या रेषांवर करतात, हे ते मूळ होय.

एक उदाहरण घेऊ. दोरीवरचे कपडे वाळतात, चुलीवरचे दूध आटते, अंगावरचा घाम सुकतो. मराठीत ही तीन क्रियापदे आहेत आणि बोलणारा त्यांची अदलाबदल सहसा करीत नाही. शास्त्राच्या दृष्टीने तिन्ही ठिकाणी पाण्याची वाफ होते. ‘बाष्पीभवन’ हा शब्द मुलाला पाठ करण्यास कठीण नाही. कपडे, दूध आणि घाम यांत एकच गोष्ट घडते, हे त्याला पटणे कठीण आहे. उलट ‘विहीर आटते’ असे म्हणताना आपण तेच क्रियापद वापरतो, पण तेथे पाण्याचा उपसा आणि भूजलाची खालावलेली पातळी ही कारणे प्रधान असतात. म्हणजे शास्त्र कधी तीन क्रियापदांना एका नावाखाली आणते, तर कधी एकाच क्रियापदाचे दोन अर्थ वेगळे करते.

तूप थिजते, पाणी गोठते, दही लागते, रक्त साकळते, हेही असेच आहे. पहिल्या दोन घटना शास्त्राच्या लेखी एका वर्गातील आहेत. पुढच्या दोन पूर्णपणे निराळ्या आहेत, कारण तेथे पदार्थाची केवळ अवस्था बदलत नाही, तर रासायनिक घडामोड होते. ‘वितळणे’ आणि ‘विरघळणे’ हा भेद मराठीत तयारच आहे, परंतु बर्फाच्या बाबतीत बोलण्यात दोन्ही चालतात. ‘वजन’ हा शब्द तर बाजारात किलोग्रॅमने मोजला जातो आणि भौतिकीच्या वर्गात तेच ‘वस्तुमान’ होते.

ही उदाहरणे विस्ताराने देण्याचा हेतू असा की, मुलाचे नित्याचे शब्द हा त्याच्या निरीक्षणांचा साठा असतो. तो साठा बाजूस सारून थेट पारिभाषिक शब्द दिला, तर मुलाजवळ व्याख्या येते आणि निरीक्षण निसटते. याउलट प्रथम वाळणे, आटणे, सुकणे यांची यादी करून ‘यांत सारखे काय?’ असा प्रश्न विचारला, तर ‘बाष्पीभवन’ हा शब्द उत्तर म्हणून येतो. परिभाषा हवीच, पण ती गरज निर्माण झाल्यावर यावी.

या विचारास महाराष्ट्रातच आधार सापडतो. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आपल्या आरंभीच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांसाठी काम केले. पुढे केंद्रातील व्ही. जी. कुलकर्णी व व्ही. जी. गंभीर यांनी भाषेच्या अडसरावर १९८१ मध्ये लेखन केले. विज्ञानाच्या पुस्तकांची भाषा सुबोध केली असता वर्गातील देवाणघेवाण वाढते आणि आकलनही सुधारते, असे त्यांच्या कामातून पुढे आले.

४. मराठीच्या व्याकरणातील प्रयोगशाळा

आतापर्यंत शब्दांचा विचार झाला. वाक्यरचनेकडे पाहिले तर असे आढळते की, शास्त्रीय विचारास लागणारी साधने मराठीत, आणि विशेषतः मुलांच्या बोलीत, विपुल आहेत. ‘वाळणे–वाळवणे’, ‘आटणे–आटवणे’, ‘विरघळणे–विरघळवणे’, ‘फिरणे–फिरवणे’ या जोड्या घ्याव्यात. पहिले रूप आपोआप घडणाऱ्या घटनेचे आहे, दुसरे कोणी मुद्दाम घडवून आणलेल्या घटनेचे. निरीक्षण आणि प्रयोग यांतील भेदही हाच आहे. ‘करून पाहणे’, ‘चाखून पाहणे’, ‘मोजून पाहणे’ या संयुक्त क्रियापदांत तर ‘पाहणे’ म्हणजे परिणाम अजमावणे होय. ‘प्रयोग’ हा शब्द न शिकलेले मूलही ‘करून पाहू’ असे सहज म्हणते.

त्याचप्रमाणे ‘तर’ आणि ‘तरी’ यांचा भेद पाहावा. ‘ओले फडके गुंडाळले तर पाणी जास्त थंड होईल’ हे अनुमान झाले. ‘सावलीत ठेवला तरी स्टीलच्या भांड्यातले पाणी माठातल्याइतके थंड होत नाही’ या वाक्यात एक संभाव्य कारण तपासून बाजूस काढलेले आहे. तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या भांड्याचे सारे तत्त्व या एका ‘तरी’मध्ये सामावले आहे. मार्गदर्शकाने मुलांच्या वाक्यांतील ‘तर’ व ‘तरी’ ऐकण्याची सवय लावून घेतली, तर विचार कोठवर आला आहे हे त्यास वेगळ्या चाचणीवाचून कळेल.

५. संवादाचा साचा

जॉन सिंक्लेअर व माल्कम कूल्टहार्ड यांनी १९७५ मध्ये वर्गातील संभाषणाचे जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात तीन पायऱ्यांचा एक साचा दाखविला आहे. शिक्षक प्रश्न विचारतो, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक त्या उत्तरावर शेरा देतो. या साच्यात पहिला आणि शेवटचा शब्द शिक्षकाचाच राहतो. शाळेनंतरचा उपक्रम याच साच्यात चालला, तर बाके हलवून मुलांना गोल बसविल्याने काही साधत नाही.

विवेचनासाठी एक कल्पित प्रसंग घेऊ. माठ आणि स्टीलची कळशी शेजारी ठेवली आहेत, दोन्हींत तापमापी आहेत. एक मुलगा म्हणतो, ‘माठ पाझरायलाय, म्हणून पाणी थंड व्हायलंय.’ मार्गदर्शकापुढे तीन मार्ग असतात. ‘पाझरत आहे, असे म्हणावे’ अशी तो भाषा सुधारू शकतो. ‘बरोबर, यालाच बाष्पीभवन म्हणतात’ असे सांगून तो विषय संपवू शकतो. किंवा ‘पाझरला म्हणून थंड, हे कशावरून? पाझरू दिलेच नाही तर?’ असे तो विचारू शकतो. पहिल्या मार्गाने मुलगा गप्प होतो आणि दुसऱ्याने त्याचा विचार थांबतो. तिसऱ्या मार्गाने कोणीतरी माठाला बाहेरून तेल चोपडून पाहण्याची सूचना करतो, आणि तेथे प्रयोग सुरू होतो. पुढे ‘पावसाळ्यात माठातले पाणी उन्हाळ्याइतके थंड का होत नाही?’ हा प्रश्न निघाला, तर हवेतील दमटपणापर्यंत मुले स्वतःच्या पायांनी पोहोचतात. या सर्वास एक माठ, एक कळशी, थोडे तेल आणि दोन तापमाप्या पुरतात.

तिसरा मार्ग पत्करण्यास धीर लागतो. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की, शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविला असता मुलांची उत्तरे लांबतात, अनुत्तरित राहण्याचे प्रमाण घटते आणि त्यांचे स्वतःचे प्रश्न वाढतात. घरच्या भाषेतून विचार करून मराठीत बोलणाऱ्या किनवटच्या किंवा देगलूरच्या मुलाला हे दोन जादा सेकंद किती मोलाचे आहेत, हे निराळे सांगावयास नको.

६. प्रश्न जवळचे हवेत

मुलांच्या भाषेला वाव द्यावयाचा तर विषयही त्यांच्या अनुभवातील हवा. या दोन जिल्ह्यांना अशा विषयांसाठी दूर जावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ६.२ परिमाणाचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्याहून मोठे भूकंप जगात अनेकदा होतात आणि पुष्कळदा इतकी हानी होत नाही. मग येथे का झाली? मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर लाकूड व मातीचे जड माळवद, ही त्या गावांतील घरांची रचना होती. माळवदाने उन्हाळ्यात गारवा मिळे. त्याच माळवदाचे ओझे त्या पहाटे जिवावर बेतले. येथे ‘तीव्रता’ या शब्दाकडेही लक्ष वेधता येईल. भूकंपात किती ऊर्जा मुक्त झाली याचे माप एका भूकंपास एकच असते, तर जमिनीवरील हादऱ्याचा जोर गावोगाव वेगळा असतो. वृत्तपत्री मराठीत मात्र दोहोंसाठी ‘तीव्रता’ हाच शब्द येतो. एकाच भूकंपात एक गाव उद्ध्वस्त का होते आणि दुसरे का वाचते, हे समजण्यासाठी हा भेद करावाच लागतो. अर्थात ज्या घरांनी माणसे गमावली त्या घरांतील मुलेही समोर असतात, हे भान सुटता कामा नये.

दुसरे उदाहरण पाण्याचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. भागाकार केला तर माणशी सुमारे १.३ लिटर पाणी येते. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली तेव्हाही हा आकडा माणशी साडेसहा लिटरच भरतो. हे गणित सातवीच्या मुलास येते. मात्र त्यातून ‘माझ्या घरी रोज किती पाणी लागते?’, ‘ते कोठून येते?’, ‘विहीर आटते म्हणजे नेमके काय होते?’ असे जे प्रश्न निघतात, त्यांची उत्तरे एका संध्याकाळी संपत नाहीत.

मुलांचे प्रश्न जतन करण्याची एक रीत शेजारच्या मध्य प्रदेशाने दाखविली आहे. १९७२ ते २००२ या काळात चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात ‘सवालीराम’ नावाची एक कल्पित व्यक्ती होती. मुले तिला पत्राने प्रश्न विचारीत आणि त्यांना उत्तरे जात. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा ठरत नाही आणि आपला प्रश्न कोणीतरी गंभीरपणे घेतो, एवढा विश्वास मुलांना त्यातून मिळे.

७. दर्जा कसा मोजावा?

हजेरी, पारितोषिके आणि साहित्याची यादी ही मोजण्यास सोपी मापे आहेत, म्हणून तीच अहवालांत दिसतात. अमेरिकेत शाळेबाह्य विज्ञान उपक्रमांच्या निरीक्षणासाठी एक साधन विकसित झाले आहे. त्यात १२ अंगांची प्रत्येकी चार पातळ्यांवर नोंद करतात आणि साहित्याबरोबरच मुलांचा सहभाग, चौकशीची रीत व विचारमंथन यांकडेही पाहतात. ते जसेच्या तसे उचलावे असे नाही. आपल्याकडे आरंभी चार नोंदी पुरेशा होतील.

पहिली, अर्ध्या तासात मुलांनी स्वतःहून किती प्रश्न विचारले. दुसरी, मार्गदर्शक व मुले यांच्या बोलण्याचे प्रमाण काय होते, आणि मुलांपैकी कोण गप्प राहिले. मुली, तांड्यावरची मुले, दुसरी भाषा बोलणारी मुले यांची नोंद वेगळी ठेवावी. तिसरी, ‘कशावरून’, ‘तर’, ‘तरी’, ‘म्हणून’ अशा शब्दांनी जोडलेली कारणयुक्त वाक्ये मुलांच्या बोलण्यात किती आली. चौथी, पारिभाषिक शब्द निरीक्षणापूर्वी आला की नंतर. पालकांची व शाळेची संमती घेऊन ध्वनिमुद्रण करणे, ते लिहून काढणे आणि त्याचे विश्लेषण करणे हे भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास सहज जमणारे काम आहे. विज्ञानाच्या विभागांनी प्रयोगांची निवड करावी, भाषेच्या विभागांनी संवादाची नोंद करावी आणि दर सहा महिन्यांनी मार्गदर्शकांसमवेत ती वाचावी. मार्गदर्शकाचे गुणदोष काढणे हा या वाचनाचा हेतू नसावा. आपण किती बोललो हे कागदावर पाहिले की पुष्कळांचे बोलणे आपोआप आवरते.

८. दोन आक्षेप

अकरावीत इंग्रजी येणारच असेल तर मराठीत, त्यातही बोलीत, वेळ का दवडावा, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर असे की, ज्याला वाळणे, आटणे व सुकणे यांतील साम्य एकदा उमगले, त्याला त्याचे इंग्रजी नाव शिकण्यास फार वेळ लागत नाही. ज्याला केवळ नाव ठाऊक आहे, त्याला साम्य समजण्यास मात्र पुन्हा आरंभापासून यावे लागते. इंग्रजी शब्द मराठी शब्दाशेजारी फळ्यावर लिहावेत, यास कोणाची हरकत असू नये.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. प्रवेशपरीक्षेत प्रश्न विचारण्याला गुण नाहीत, मग पालकांनी मुलाला शिकवणी सोडून येथे का पाठवावे? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे गुणांच्या भाषेत समाधान करता येत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, तीही आठवी-नववीपर्यंतच्या वयात, एवढीच मागणी करणे शहाणपणाचे ठरेल. शिवाय ज्यांना शिकवणीचे शुल्क परवडत नाही अशी मुले दोन्ही जिल्ह्यांच्या खेड्यांत मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या संध्याकाळवर अद्याप कोणी हक्क सांगितलेला नाही. उपक्रमाचा आरंभ त्यांच्यापासून व्हावा.

या लेखात सुचविलेल्या गोष्टींना नवे अनुदान लागत नाही. लागते ती मुलांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकणारी काही माणसे आणि ते नोंदविण्याची शिस्त. आपल्या विद्यापीठाच्या कक्षेतील दोन-चार शाळांत वर्षभर अशा नोंदी ठेवल्या गेल्या, तर येथे मांडलेल्या विधानांपैकी कोणती टिकतात आणि कोणती सोडून द्यावी लागतात, हे कळून येईल. तशा तपासणीसाठीच ती येथे मांडली आहेत.